सायकलवरचा फेणे, पडद्यावरचा फेणे

‘फास्टर फेणे’ चित्रपट आला तो ऑक्टोबर २०१७ मध्ये. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, निर्माते रितेश देशमुख आणि नायक अमेय वाघ. आजही घरात त्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. मुलं म्हणतात, झकास आहे. आमच्या वयाची माणसं ‘हो, पण...’ म्हणून थांबतात. त्या ‘पण’विषयी थोडं बोलायचं आहे.

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, हाडकुळा, सायकलवर सुसाट सुटणारा शाळकरी पोरगा. कर्जतच्या आम्हा मुलांना तो आपला वाटे, याचं कारण साधं होतं. आमच्या स्टेशनात गाडीला मागून जादा इंजिनं लागायची आणि मग ती बोरघाट चढून पुण्याकडे जायची. पुणं म्हणजे घाटापलीकडचं मोठं जग. त्या जगात गावातला एक मुलगा जातो आणि शहाण्यासुरत्या मोठ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं! यापेक्षा मोठा दिलासा आम्हाला दुसरा कोणता हवा होता?

चित्रपटातला बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या काळ्या धंद्याच्या मागे लागतो. विषयाची निवड चोख आहे, हे मान्य करायला हवं. २०२४ मध्ये ‘नीट’च्या गैरप्रकारांनी देश ढवळून निघाला, तेव्हा या चित्रपटाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. गिरीश कुलकर्णींचा खलनायक अंगावर काटा आणतो. दिलीप प्रभावळकरांना भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर आणण्याची कल्पना तर फारच गोड. मग बोचतं ते काय? बनेश मोठा झाला, हे बोचतं.

तो मोठा का झाला, याचं उत्तर माझ्यातला जुना बँक अधिकारी पटकन देतो. खर्च वाढला की वसुली वाढवावी लागते. वसुलीसाठी तिकीट काढणारा मोठा प्रेक्षक लागतो आणि मोठ्या प्रेक्षकाला मोठा नायक लागतो. यात कुणाची बदमाशी नाही, हा नुसता हिशेब आहे. आमच्या भागाने हा हिशेब जवळून पाहिला आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे भव्य महाल तिथे उभे राहिले. त्याच जागी ऑगस्ट २०२३ मध्ये, कर्जाच्या ओझ्याखाली, त्या गुणी माणसाचा अंत झाला. भव्यतेची किंमत कुणाला तरी चुकवावी लागते, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

फेणेच्या बाबतीत ती किंमत मुलांनी चुकवली, असं मला वाटतं. तिशीच्या उंबरठ्यावरच्या तरुणावर कुणी विश्वास ठेवला नाही, तर ती पोलीसकथा होते. पण शाळकरी मुलावर कुणी विश्वास ठेवला नाही, तर ती प्रत्येक मुलाची स्वतःची गोष्ट होते. भागवतांच्या गोष्टींचा जीव तिथे होता.

हे दुःख एकट्या मराठी माणसाचं नाही. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंदोपाध्याय चित्रपटांसाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. त्यांच्या ब्योमकेशवर २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जींनी मोठा, देखणा चित्रपट काढला. तरीही अनेकांच्या मनात अजून बसून आहे तो १९९३ मधला, दूरदर्शनवरच्या बासू चटर्जींच्या साध्यासुध्या मालिकेतला रजित कपूरच. १९८७ च्या मालिकेतल्या सुमीत राघवनच्या फेणेची आठवण आमची पिढी अशीच काढते. तिथे पैसा बेताचा होता, पण फेणे लहान मुलगाच होता.

योगायोग असा, की चित्रपट आला त्याच महिन्यात फुरसुंगी पुणे महापालिकेत गेली. २०२४ मध्ये ती पुन्हा बाहेर काढून नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. म्हणजे गावही तेच राहिलं नाही. मग मुलगा तसाच राहावा, हा हट्ट कशाला, असं कुणी विचारील. विचारावं. पण गावं बदलली, तरी मुलं बारा वर्षांची व्हायची थांबलेली नाहीत. मोठ्यांनी आपलं ऐकावं असं त्यांना आजही वाटतं, आणि मराठीत बोलणारा त्यांच्या वयाचा नायक मात्र त्यांना क्वचितच भेटतो.

म्हणून चित्रपट मुलांना जरूर दाखवा. तो संपल्यावर त्यांच्या हातात पुस्तकही द्या. आणि निर्मात्यांना एक विनंती : पुढचा फेणे कमी खर्चात करा. एक सायकल, एक चुणचुणीत मुलगा आणि त्याचं न ऐकणारी चार मोठी माणसं एवढं भांडवल पुरेल. न ऐकणाऱ्या मोठ्या माणसांचा तर आपल्याकडे तुटवडा नाही.