ग्रंथलेखनातील साहाय्य आणि वाचकांचा आश्रय

ग्रंथ हा लेखकाच्या एकांतातच जन्माला येतो, ही समजूत मराठीत फार दिवस रूढ आहे. वस्तुतः मराठी वाचक ज्यांचा अभिमान बाळगतो, अशा कित्येक ग्रंथांमागे दुसऱ्या कुणाचे तरी श्रम असतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या लक्ष्मीबाईंना लिहिते केले ते पुत्र देवदत्त यांनी. या साहाय्याचे मोल त्यांनी काय घातले यापेक्षा काय घातले नाही, यावरून ठरते. आईच्या बोलीला त्यांनी पंडिती वळण लावले नाही.

हेच काम संपादकाने केले की त्याला संस्थेचे रूप येते. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नवोदितांच्या हस्तलिखितांवर जे परिश्रम घेतले, त्यांची परंपरा १९८२ साली ते मासिक बंद पडल्यावर क्षीण झाली. अर्थात अशा साहाय्यात अधिकारही दडलेला असतो. १९६९ साली लघु अनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली ती या अधिकाराविरुद्धच. (जाळण्याइतके महत्त्व एखाद्या मासिकाला असावे, हेही त्या काळाचे वैभवच म्हणावयाचे.) मात्र जाचक संपादकाला उत्तर म्हणून संपादकच नको असे म्हणणे अविचाराचे होय. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवून आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवून दिलेले उत्तर अधिक सकस होते.

वाचकांचा आश्रय ही मात्र वेगळी गोष्ट आहे. डॉ. श्री. व्यं. केतकर यांनी ज्ञानकोशासाठी नागपुरास मर्यादित मंडळ स्थापून भागभांडवल उभारले, ग्राहक मिळविले आणि तेवीस खंडांचे काम तडीस नेले. या खटाटोपाची हकीकत त्यांनी १९२७ साली ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात मांडली. १९७४ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’च्या वाचक चळवळीने हेच तत्त्व ललित वाङ्मयाला लावले. वाचकांनी आगाऊ पैसे भरावयाचे आणि पुस्तके सवलतीत घ्यावयाची. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली व लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली या मार्गाने ज्या घरांत गेले, त्यांतील अनेक घरांत ती पुस्तके एरवी क्वचितच पोहोचली असती. न वाचलेल्या पुस्तकावर पैसे लावण्याइतका विश्वास वाचकाने दाखविला, हे त्या चळवळीचे खरे यश.

आज या दोन साहाय्यांची गल्लत होते आहे. आगाऊ नोंदणी मोबाइलवर घरबसल्या करता येते. स्नेहीमंडळी दोनशे प्रती सहज घेतात. परंतु छापण्यापूर्वी हस्तलिखित कठोरपणे वाचणारा एकही मनुष्य लेखकाला लाभलेला नसतो. मग ग्राहकांची संख्या हीच गुणवत्तेची पावती ठरते. केतकरांनी ग्राहक जमविले ते कोशाचा मजकूर ठरविण्यासाठी नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकाची अडचण याहून बिकट आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पुस्तकाला टाळ्या वाजविणारी मंडळे आहेत. पण प्रकाशक पुण्या-मुंबईचा, आणि तो पुष्कळदा मुद्रणखर्च मागून मोकळा होतो. शिवाय तेथील मराठीत हिंदी, गुजराती वा तेलुगूचे जे संस्कार मिसळलेले असतात, ते अशुद्ध म्हणून छाटावेत की संपत्ती म्हणून राखावेत, हे सांगणारा जाणकार शेजारी हवा. देवदत्तांसारखा विवेक मुद्रितशोधकाकडून अपेक्षिता येत नाही. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांच्या मराठी विभागांना हे काम करता येण्याजोगे आहे, कारण तेथील प्राध्यापकांना शेजारच्या भाषा ऐकण्याची सवय असते. प्रबंध तपासणाऱ्या अध्यापकाने वर्षाकाठी स्थानिक लेखकाचे एक हस्तलिखित समासात टिपणे करीत वाचावे, आणि विभागाने ते वाचन अध्यापनाइतकेच कामात धरावे. स्थानिक महाराष्ट्र मंडळांनी नोंदणीची यादी उघडावी ती त्यानंतर.