मतदारापुढे दंड, न्यायालयात कर

अमेरिकेत आरोग्य विमा नसल्याबद्दल भरावी लागणारी रक्कम दंड की कर, हा प्रश्न वकिलांचा शब्दच्छल समजून झटकून टाकला जातो. परंतु 2024 या करवर्षात कॅलिफोर्नियातील वर्षभर विमा नसलेल्या, दोन प्रौढ व दोन मुलांच्या कुटुंबावर किमान 2,700 डॉलरची आकारणी झाली, आणि असे कुटुंब मराठी असो वा अन्यभाषक, त्याला तो शब्दच्छल वाटण्याचे कारण नाही. ही रक्कम जाचक आहे हे येथे सिद्ध करत बसण्याची गरज नाही. या पत्रकाचा रोख एका राजकीय सवयीवर आहे: पैसा कराच्या वाटेने वसूल करायचा, मात्र त्याला कर म्हणण्याची जबाबदारी टाळायची.

23 मार्च 2010 रोजी संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने ही तरतूद करसंहितेतच घातली, रक्कम उत्पन्नावर बेतली, ती आयकर विवरणपत्राबरोबर भरायला लावली आणि वसुली करखात्याकडे सोपवली. एवढे सगळे करून कलमात शब्द मात्र ‘दंड’ असा योजला, कारण करवाढीचा ठपका कोणालाच नको होता. कायद्याला आव्हान मिळाल्यावर या नावाची खरी कसरत सुरू झाली. 1867 च्या एका कायद्यानुसार कर भरण्याआधी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही. म्हणून 26 मार्च 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयात सरकारपक्षाने हा त्या कायद्याच्या अर्थाने कर नव्हे असे सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी, संसदेच्या कर बसवण्याच्या अधिकाराचा आधार हवा होता म्हणून, हा करच आहे असाही युक्तिवाद केला. 28 जूनच्या पाच विरुद्ध चार अशा निकालाने दोन्ही म्हणणी मान्य केली. एकाच निकालपत्रात ही रक्कम आधी कर नाही आणि काही पानांनंतर कर आहे! कायदेपंडितांना यात विसंगती दिसत नाही, कारण पहिला प्रश्न कायद्यातील शब्दाचा आणि दुसरा राज्यघटनेचा; पैसे भरणाऱ्याच्या खिशाला हा भेद कळण्याची सोय अद्याप निघालेली नाही.

दंड म्हणजे बेकायदा कृत्याबद्दलची शिक्षा. येथे मात्र विमा न घेता रक्कम भरणाऱ्याने कोणताही कायदा मोडलेला नाही, हे सरकारनेच मान्य केले होते. त्याच्यावर खटला नव्हता, मालमत्तेवर बोजा नव्हता, जप्ती नव्हती. वसुलीचा हुकमी मार्ग एकच होता, तो म्हणजे करपरताव्यातून रक्कम वळती करून घेणे, आणि परतावा प्रामुख्याने पगारातून आगाऊ करकपात झालेल्यांनाच मिळत असल्याने हा ‘दंड’ हमखास सापडत असे तो नोकरदाराच्या खिशात. (याच न्यायालयाने 1922 मध्ये, बालकामगार ठेवणाऱ्यांच्या नफ्यावरील दहा टक्के आकारणी ‘कर’ असे नाव असूनही प्रत्यक्षात दंड ठरवली होती. नावावर जाऊ नये, हा धडा जुना आहे.)

विमा घेतला की रक्कम टळते, मग तो कर कसा, असे मोठ्या चातुर्याने विचारले जाते. सिगारेट न ओढणाऱ्यालाही तिच्यावरचा कर टळतो. म्हणून त्याला कोणी दंड म्हणत नाही. निरोगी माणसे बाहेर राहिली तर हप्ते वाढतील, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आणि बऱ्याच अंशी खराही आहे, पण तो वसुलीचे समर्थन करतो, खोट्या नावाचे नव्हे. महाराष्ट्राने 1975 मध्ये रोजगार हमीसाठी व्यवसाय कर बसवला तेव्हा हेतू लोकहिताचा होता आणि नावही ‘कर’च होते.

खरे नाव टाळण्याचा लाभ आकड्यांत दिसतो. 2016 मध्ये एकट्या व्यक्तीसाठी 695 डॉलर किंवा विवरणपत्राची मर्यादा ओलांडणाऱ्या उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांतील मोठी रक्कम देय होती. मात्र ‘ब्राँझ’ या सर्वांत खालच्या प्रतीच्या योजनेचा देशभरातील सरासरी हप्ता, म्हणजे 2,676 डॉलर, ही कमाल मर्यादा होती. सवलतीत न बसणाऱ्या 22,000 डॉलर मिळवणाऱ्याला 695 डॉलर, म्हणजे उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून अधिक. दहा लाख मिळवणाऱ्याला 2,676, म्हणजे पाव टक्क्याच्या किंचित वर. आयकराचे असे उलटे दरपत्रक उघडपणे मांडण्याची हिंमत कोणत्याही प्रतिनिधीला झाली नसती. दंड म्हटल्यावर दरांची चर्चाच उरत नाही. उरतो तो फक्त अपराधी.

2017 च्या अखेरीस केंद्राने ही रक्कम 2019 पासून शून्यावर आणली, आणि तीही करकपातीच्या कायद्याने, म्हणजे जाता जाता का होईना खरी ओळख पटली. त्यानंतर न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, ऱ्होड आयलंड यांनी तीच वसुली आपापल्या राज्यात सुरू केली. मॅसॅच्युसेट्सची तर 2006 च्या कायद्यापासूनची आहे. व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या, मताचा अधिकार नसलेल्या मराठी कुटुंबांनाही ती लागू होते. ज्यांना तो अधिकार आहे त्यांनी आपल्या राज्याच्या प्रतिनिधीकडे एवढीच मागणी लेखी करावी: कलमातील ‘दंड’ हा शब्द काढून तेथे ‘कर’ लिहावा, आणि मग त्याच्या दरांवर सभागृहात नावानिशी मतदान घ्यावे.