न्यूट्रलचं पेट्रोल

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आमचे काका एक गोष्ट न चुकता करतात. आंबेनळी घाट लागला की गिअरची दांडी मधे! गाडी आपोआप पळते, इंजिन गप्प, आणि काका माझ्याकडे बघून हसतात. "काय इंजिनीअर, फुकट चाललोय बघ!"

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. फिजिक्सच्या चुका मात्र घालू नका.)

पहिली गोष्ट म्हणजे ते पेट्रोल फुकट नसतंच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात काकांचं गणित थोडंफार खरं होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनला फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल चक्क बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगला जिवंत ठेवायचं म्हणजे पेट्रोल द्यावंच लागतं. सौम्य उतारावर दोन-चार थेंब वाचतीलही, घाटात नाही.

आता ब्रेक. हजार किलोची गाडी बाराशे मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे 1 कोटी 18 लाख ज्यूल. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर दोन बादल्या पाणी खळखळून उकळेल एवढी उष्णता! काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली एकतर इंजिन अडवणार, नाहीतर चार ब्रेक. ब्रेक तापून वास यायला लागला की पेडल नरम पडतं, तेव्हा पुढचं वळण तुमची वाट बघत थांबत नाही.

माझ्या रूममेटचा मुद्दा मात्र हुशार होता. ती म्हणाली, "न्यूट्रलमध्ये टायरवर ना इंजिनची ओढ ना अडवणूक, मग सगळी पकड वळायलाच मिळेल ना?" सपाट रस्त्यावर एकदम बरोबर! पण उतारावर वळणातसुद्धा गाडीचा वेग वाढतच राहतो. ताशी 30 चे 40 झाले की वळायला लागणारा जोर पावणेदोन पटीहून जास्त होतो, कारण वेगाचा वर्ग. मग घाबरून आपण वळणाच्या मधोमध ब्रेक दाबतो. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि टायरची ती एकच पकड थांबणं आणि वळणं यांत वाटली जाते. जुलैत रस्त्यावर लाल माती वाहून आलेली असते तेव्हा वाटायला उरतंच किती? गिअरमध्ये असलो तर पायाच्या नुसत्या हालचालीने गाडी सावरता येते. न्यूट्रलमध्ये पायाखाली ब्रेक सोडून काहीच नसतं.

28 जुलै 2018 ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, एकच जण वाचला. त्याचा न्यूट्रलशी संबंध मी जोडत नाही. पण तेव्हापासून आई घाट संपेपर्यंत डोळे मिटून बसते.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. काकांनाही ते माहीत आहे.

गेल्या सुट्टीत काकांनी पुन्हा दांडी मधे आणली. मी म्हटलं, "काका, मला इथेच उतरवा. मी एसटीने येते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे आईकडे. गिअर पडला. पोलादपूर येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण गाडी सबंध घाट दुसऱ्या-तिसऱ्यातच उतरली.