पडणारी धूळ आणि न पडणारी धूळ

पावसाळा सरला की नंदुरबार शहराभोवतीच्या मोकळ्या जमिनी लाल होऊ लागतात. बाजार समितीत लिलाव झालेली ओली लाल मिरची व्यापारी पथाऱ्यांवर पसरवतात आणि पुढचे काही महिने तिथे एकच लगबग असते. मिरची उन्हात वर-खाली करायची, खराब झालेली वेगळी काढायची, देठ खुडायचे, पोती भरायची. मिरचीचा बाजार म्हटले की गुंटूरपाठोपाठ नंदुरबारचे नाव निघते, ते या पथाऱ्यांमुळे आणि तिथे राबणाऱ्या हातांमुळे. या हातांत आदिवासी स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या खोकल्याला मात्र कोणी आजार म्हणत नाही. ‘मिरचीत काम म्हटल्यावर ठसका लागणारच’, हे वाक्य मालक म्हणतो, मुकादम म्हणतो आणि मजूरही म्हणतात.

हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर हवेतून वस्तू पडते कशी, हे आधी पाहावे लागते.

हवा रिकामी नसते. तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला ती अडवते. दोन किलोमीटर उंचीवरून सुटलेल्या पावसाच्या थेंबाला हवेने अडवलेच नसते, तर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात टपोरा थेंबही ताशी ३०-३२ किलोमीटरच्या पुढे जात नाही. थेंबाचा वेग वाढतो तसा हवेचा अडथळाही वाढतो. अडथळा आणि वजन यांची बरोबरी झाली की वेग तिथेच थांबतो. मग थेंब त्याच एका चालीने खाली येतो.

लहान वस्तूंना हा अडथळा जास्त जाणवतो. कणाचा व्यास निम्मा केला तर त्याचे वजन एक-अष्टमांश होते, पण पृष्ठभाग एक-चतुर्थांशच होतो. म्हणजे वजन झपाट्याने घटते आणि हवेला धरायला पृष्ठभाग त्या मानाने जास्त उरतो. खळ्यावर धान्य उफणताना शेतकरी हाच नियम वापरतो. दाणा पायाशी पडतो, भूस वाऱ्याबरोबर पलीकडे जाते. अगदी बारीक कणांचे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडले. त्यानुसार कणाचा व्यास दहापट कमी झाला, तर त्याचा पडण्याचा वेग शंभरपट कमी होतो.

पथारीवर या नियमाचा अर्थ काय होतो, ते आकड्यांत पाहू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. उभ्या बाईच्या नाकाची उंची दीड मीटर धरली आणि हवा अगदी स्थिर आहे असे मानले, तर पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण तिथून जमिनीवर यायला सुमारे ६ सेकंद लागतात. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे ८ मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ १२ तास लागतात. आणि हवा स्थिर कधीच नसते. जमीन तापते, माणसे चालतात, पंखा फिरतो. त्यामुळे असा कण व्यवहारात पडतच नाही, तो हवेचाच भाग होऊन राहतो. सकाळच्या कवडशात तरंगताना दिसतात ते कण त्या मानाने मोठे. सर्वांत बारीक कण एरवी डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून कपड्यांवर, भुवयांवर आणि पोत्यांवर साचलेली लाल भुकटी पाहून धोका मोजू नये. जी धूळ पडली ती फुफ्फुसात गेली नाही. चिंता करायची ती न पडलेल्या धुळीची.

शरीरातही हाच नियम चालतो. श्वासाबरोबर आत जाणारी हवा नाकात आणि घशात वळणे घेते. मोठ्या कणाला त्या वळणावर वळता येत नाही. तो सरळ जाऊन ओल्या अस्तरावर आदळतो आणि शिंकेतून, शेंबडातून किंवा थुंकीतून बाहेर पडतो. साधारण ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण मात्र हवेबरोबर सगळी वळणे सहज पार करतात आणि फुफ्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. नाकाचे हे संरक्षण पथारीवर बऱ्यापैकी उपयोगी पडते, कारण तिथली बरीच धूळ जाड असते. बंद शेडमध्ये, गोदामात आणि कांडप यंत्रापाशी बारीक धुळीचे प्रमाण वाढते.

मिरचीच्या धुळीची आणखी एक गोष्ट आहे. तिच्यातील कॅप्सेसिन हा तिखट घटक श्वासमार्गातील मज्जातंतूंच्या टोकांना भाजल्यासारखी सूचना देतो. ही सूचना पकडणारा ग्राहक १९९७ मध्ये शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळाले. कॅप्सेसिनने खोकला इतका हमखास येतो की खोकल्याच्या संशोधनात प्रयोगशाळा त्याचीच फवारणी वापरतात. तिखट मिरचीच्या कारखान्यातील कामगारांचा अमेरिकेत झालेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही या कामगारांत खोकल्याची तक्रार इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळली. म्हणजे मिरचीने ठसका लागतो हे खरेच आहे.

पण पथारीवरची धूळ नुसती मिरचीची नसते. तिच्यात माती असते. अवकाळी पाऊस झाला की भिजलेल्या मिरचीवर बुरशी धरते आणि काळी पडलेली मिरची हातांनी निवडावी लागते. ॲस्परजिलस जातीच्या एका नेहमीच्या बुरशीचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे असतात. म्हणजे नाक ज्यांना अडवू शकत नाही, नेमक्या त्याच मापाचे. दमा असलेल्या व्यक्तीला ते चांगलेच त्रास देऊ शकतात.

बारीक धूळ काय करू शकते, हे पाहायला नर्मदेपलीकडे नजर टाकावी. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ आणि धार या भागांतून अनेक आदिवासी गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. त्यांतील २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. मिरचीच्या भुकटीने सिलिकोसिस होत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. त्या रोगाला दगडाची बारीक पूड लागते. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीकडे सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष केले की काय होते, हे त्या घटनेतून कळते.

नंदुरबारपुढचा एक मोठा प्रश्न क्षयरोगाचा आहे, आणि तोही हवेच्या अडथळ्याशी जोडलेला आहे. क्षयरुग्ण खोकतो तेव्हा लहानमोठे तुषार बाहेर पडतात. मोठे तुषार लगेच खाली पडतात. बारीक तुषारांतले पाणी पडता-पडताच उडून जाते आणि १ ते ५ मायक्रॉनचा कोरडा अवशेष उरतो, ज्यात जंतू असू शकतात. विल्यम वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये हे दाखवून दिले. हा अवशेष बंद खोलीत तासन् तास तरंगतो. उघड्या पथारीवर वारा तो पांगवतो, पण संध्याकाळी सगळे कुटुंब एका झोपडीत निजते तेव्हा पांगवायला वारा नसतो.

आता ते अर्धे खरे वाक्य पुन्हा आठवा. ठसका मिरचीचाच, असे एकदा ठरले की क्षयाचा खोकलाही त्यात झाकला जातो. हंगाम संपेपर्यंत कोणी तपासत नाही. तोवर जंतू घरातल्या मुलांपर्यंत पोहोचलेले असू शकतात. मिरचीमुळे आलेला खोकला बहुधा कामापासून दूर गेल्यावर दोन-तीन दिवसांत उतरतो. सुटीच्या दिवशी आणि रात्रीही टिकणारा, दोन आठवडे चाललेला खोकला हा मिरचीचा समजू नये. सोबत संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्रीचा घाम किंवा थुंकीत रक्त असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे.

धूळ कमी कशी करायची, याचे उत्तरही हवेच्या वागण्यातच आहे. बहुतेक स्त्रिया तोंडाला ओढणी किंवा फडके बांधतात. त्याने जाड धूळ अडते, डोळ्यांत आणि घशात जाणारी झणझण थोडी कमी होते. पण नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. बारीक कण हवेबरोबर त्याच फटीतून आत शिरतात. एन-९५ मुखपट्टी ०.३ मायक्रॉनचेही किमान ९५ टक्के कण अडवते, मात्र ती चेहऱ्याला घट्ट बसली तरच. उन्हात आठ तास ती लावून राबणे सोपे नाही. म्हणून मुखपट्टी हा शेवटचा उपाय मानावा. धूळ उडूच न देणे हा पहिला.

बसण्याची दिशा बदलायला पैसे लागत नाहीत. कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीची मागची काच धुळीने भरते, कारण गाडीच्या मागे हवेचे भोवरे तयार होतात आणि ते धूळ मागच्या बाजूला ओढून आणतात. वाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाच्या पुढेही तसेच भोवरे तयार होतात आणि हातातली धूळ तोंडाकडे आणतात. वाऱ्याकडे तोंड केले तर धूळ सरळच अंगावर येते. वारा एका कुशीकडून येऊन दुसऱ्या कुशीकडे जाईल असे बसणे सर्वांत बरे. मुकादमाने सकाळी देठ खुडणाऱ्या बायकांच्या रांगा वाऱ्याच्या दिशेनुसार लावल्या, तर एका रांगेची धूळ दुसऱ्या रांगेवर जाण्याचेही टळेल. माल उचलल्यावर कोरड्या झाडूने जमीन झाडणे म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत सोडणे. रिकाम्या जमिनीवर पाण्याचा हलका शिडकावा करून मग झाडावे. लहान मुलांना त्या वेळी तरी लांब ठेवावे, कारण ती जमिनीजवळ असतात आणि मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात.

बंद शेडमध्ये आणि कांडप यंत्रापाशी मालकांची जबाबदारी अधिक आहे. तिथे बहुधा समोरच्या भिंतीत एक पंखा बसवून काम झाले असे मानले जाते. हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकून विझते, पण श्वास आत ओढून विझत नाही. ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते, त्यामुळे ओढ लांबवर पोहोचत नाही. नळीच्या तोंडापासून नळीच्या व्यासाइतके दूर गेले की ओढीचा वेग सुमारे एक-दशांश उरतो. भिंतीतला पंखा म्हणूनच यंत्राच्या तोंडाशी उडणारी पूड ओढू शकत नाही. यंत्रावरच झाकण आणि त्याला जोडलेली शोषनळी हवी. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ मध्येही धूळ जिथे निर्माण होते त्याच्या शक्य तितक्या जवळ शोषणयंत्रणा असावी, असे लिहिले होते. कायदा लिहिणाऱ्यांना सत्तर वर्षांहून अधिक काळापूर्वी जे कळले होते, ते आज कांडपवाल्याला कळणे अवघड नाही.

उघड्या पथारीवर मात्र कारखान्याच्या भिंतीही नसतात आणि कारखान्याचे नियमही सहसा पोहोचत नाहीत. म्हणूनच बाजार समिती, व्यापारी आणि आरोग्य विभाग यांनी मिळून दोन गोष्टी कराव्यात. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर पथारीवरच जाऊन प्रत्येक मजुराच्या खोकल्याची चौकशी करावी आणि गरज असेल त्यांची थुंकी तिथेच तपासणीसाठी घ्यावी. तपासणीसाठी दिवसभराची मजुरी बुडवून कोणी रुग्णालयात येणार नाही. आणि बुरशी आलेला माल निवडणाऱ्यांना, कांडप यंत्रावर काम करणाऱ्यांना घट्ट बसणाऱ्या मुखपट्ट्या मालकाने स्वतःच्या खर्चाने द्याव्यात. मिरचीच्या एका पोत्याच्या किमतीपुढे हा खर्च फार नाही.

पथारी हजारो घरांची चूल पेटवते. ती बंद व्हावी असे कोणीच म्हणणार नाही. तिथल्या खोकल्याला मात्र नाव मिळायला हवे. तो मिरचीचा आहे, दम्याचा आहे की क्षयाचा, हे मुकादमाच्या अंदाजावर सोडून चालणार नाही. ते तपासणीनेच ठरले पाहिजे.