विश्लेषण : व्यवसायोपचाराच्या वर्गात गावाकडची मुले गप्प का?

अर्धांगवायूनंतर रुग्णाला पुन्हा आपल्या हाताने जेवता यावे, साडी नेसता यावी, शेतात किंवा दुकानात परतता यावे यासाठी झटणारी शाखा म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. रुग्णाचे रोजचे जगणे ओळखणे हा तिचा पाया. तरीही हे जगणे जवळून पाहिलेल्या ग्रामीण, आदिवासी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांनाच या वर्गात पाय रोवणे कठीण जाते.

शिक्षण कुठे मिळते?

अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी ही शाखा येथे रुजवली. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात विद्यालय सुरू झाले. पाऊणशे वर्षांनंतरही राज्यातील सरकारी व पालिकेची महाविद्यालये मुख्यत्वे मुंबई आणि नागपुरातच आहेत. नंदुरबार किंवा हिंगोलीच्या मुलाला घर सोडण्यावाचून पर्याय नाही.

शुल्कमाफीने प्रश्न सुटतो का?

अर्धाच. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. अनुसूचित जातींसाठी ‘स्वाधार’, तर जमातींसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. मात्र खोलीभाडे आणि खाणावळ दर महिन्याला द्यावी लागते. योजनेचे पैसे उशिरा आले, की घरच्यांना उसनवारी करावी लागते.

भाषेची अडचण कोणती?

दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलासमोर पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्राची जाड इंग्रजी पुस्तके येतात. शंका असूनही तो हात वर करत नाही आणि त्याला ‘कच्चा’ ठरवले जाते. ओपीडीत मात्र चित्र उलटते. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या आजीबाई त्याच्याशीच मोकळेपणाने बोलतात. परदेशी पुस्तकांत बाथटब आणि काटा-चमचा असतो. चुलीपुढे उकिडवे बसणे, हापशावरून पाणी आणणे हे त्याने घरी पाहिलेले असते. हे ज्ञान परीक्षेत मोजले जात नाही.

दिव्यांग विद्यार्थ्यांचे काय?

२०१६ च्या कायद्यानुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पण प्रवेशानंतर रुग्ण उचलणे, तासन् तास उभे राहणे या अपेक्षा तशाच राहतात. रुग्णासाठी काम सोपे करून देणाऱ्या शाखेने आपल्या विद्यार्थ्याला जादा वेळ, योग्य खुर्ची किंवा साहाय्यक उपकरण नाकारणे विसंगत आहे.

काय करता येईल?

पहिल्या सत्रात इंग्रजीचा आधारवर्ग, मराठी पारिभाषिक शब्दांची पुस्तिका आणि वरिष्ठ विद्यार्थ्याची सोबत, यासाठी फार खर्च येत नाही. निर्वाह भत्ता प्रवेशाच्याच महिन्यात मिळायला हवा. जागतिक संघटनेच्या निकषांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने किमान १,००० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा असतो. त्यातील काही तास उपजिल्हा रुग्णालयांत ठेवले, तर गावाकडच्या मुलांची जाण सर्वांच्या कामी येईल.

ही मुले शिकून आपल्या जिल्ह्यात परतली, तर तिथल्या रुग्णाला त्याच्या बोलीत उपचार मिळतील. ती मधेच गळाली, तर गडचिरोलीतल्या अर्धांगवायूच्या रुग्णाला हात चालता करण्यासाठी यापुढेही नागपूर गाठावे लागेल.