रक्तातच होते म्हणताना

अर्नेस्ट हेमिंग्वेविषयी बोलताना एक वाक्य हमखास येते : विषण्णता त्याच्या रक्तातच होती. वडिलांनी १९२८ साली आत्महत्या केली, त्याने स्वतः १९६१ साली. मग आणखी पुरावा कशाला हवा? आम्हीही वर्गात हे वाक्य उच्चारलेले आहे. आज ते मागे घ्यावेसे वाटते, आणि तेही ज्या संशोधनाचा त्याला आधार समजला जातो, त्याच संशोधनाच्या साक्षीने.

एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळ्यांमध्ये साम्य सख्ख्या भावंडांइतकेच. नैराश्याच्या विकाराबाबत पहिल्या जोड्यांत दुसऱ्या जोड्यांहून अधिक साम्य आढळले, तर त्या फरकावरून आनुवंशिकतेचा वाटा काढता येतो. सलिव्हन, नील व केंडलर यांनी २००० साली अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा तो सुमारे ३७ टक्के भरला. २००६ साली स्वीडनमधील पंधरा हजारांहून अधिक जोड्यांच्या अभ्यासात तो ३८ टक्के आला. स्त्रियांत ४२, पुरुषांत २९.

परंतु हे ३७ टक्के कशाचे? एखाद्याच्या दुःखातील शंभरांपैकी सदतीस भाग आजोबांचे, असा त्याचा अर्थ नव्हे. विशिष्ट समाजात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील किती फरक जनुकीय भेदांशी निगडित आहे, एवढेच हा आकडा सांगतो. तो समूहाविषयी बोलतो. एकट्या हेमिंग्वेविषयी मौन पाळतो.

शिवाय घराण्यातून येणारे सारेच रक्तातून येत नाही. केंडलर व सहकाऱ्यांनी २०१८ साली स्वीडनमधील दत्तक मुले, सावत्र पालक आणि दूर राहणारे जन्मदाते यांचा तौलनिक अभ्यास केला. पालकांचे नैराश्य मुलांत उतरण्यात जनुके आणि संगोपन यांचा वाटा जवळपास सारखाच दिसला. आणि ‘ते एक जनुक’? सेरोटोनिनशी संबंधित ज्या जनुकाचा २००३ नंतर मोठा गाजावाजा झाला, त्याला २०१९ च्या विस्तृत पडताळणीत आधार सापडला नाही. आज शेकडो जनुकीय फरक ठाऊक आहेत, आणि प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प आहे. कुळाला लागलेल्या शापाची कथा रचायला ही सामग्री फारच विखुरलेली आहे.

विज्ञानापेक्षा साहित्य श्रेष्ठ, असा सोयीस्कर निष्कर्ष आम्हांला काढावयाचा नाही. आनुवंशिकता आहे; ती नाकारणे हाही अडाणीपणाच. आमची तक्रार आहे ती आमच्याच शब्दांविषयी. ‘रक्तातच होते’ असे शिक्षक सहजपणे म्हणून जातो, तेव्हा मागल्या बाकावर एखादी विद्यार्थिनी बसलेली असू शकते, जिची आई गेले वर्षभर अंथरुणातून उठलेली नाही. आपण चरित्र शिकवीत असतो. ती स्वतःचे भविष्य ऐकत असते. ते भविष्य वर्तविण्याचा अधिकार हजारो जुळ्यांच्या आकड्यांनी आपल्याला दिलेला नाही.