धाप नेहमी पाण्याचीच नसते

डायलिसिसवरच्या रुग्णाला धाप लागली की 'अंगात पाणी साठले' असे म्हणतात. मशीनवर असताना रक्तदाब घसरला की 'आज पाणी जास्त काढले' असे म्हणतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण हृदयाची झडप अरुंद झाली तरी हीच लक्षणे दिसतात. पाण्यावर बोट ठेवून आपण मोकळे होतो आणि झडपेचा आजार मागे वाढत राहतो.

मूत्रपिंडे निकामी झाली की फॉस्फरस रक्तात साठतो. पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढून हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते. अशा रक्तात झडपेतल्या काही पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि लवचीक पडदे चुना धरून ताठरतात. महाधमनीच्या निरोगी झडपेचे तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. ते १ चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी झाले की आजार गंभीर ठरतो. एरवी उतारवयात होणारा हा बदल या रुग्णांत कितीतरी आधी सुरू होतो आणि वेगाने वाढतो.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. मानेतल्या कॅथेटरवाटे जंतू रक्तात शिरून झडपेवर ठाण मांडू शकतात. म्हणून कॅथेटरऐवजी हातावरचा फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट) वेळेत करून घ्यावा. थंडी वाजून ताप आला तर नुसत्या तापाच्या गोळीवर भागवू नये, आधी रक्ताचे कल्चर पाठवावे.

उशीर झाला की उपचारही अडचणीचे होतात. शस्त्रक्रियेची जोखीम या रुग्णांत अधिक असते. धातूची झडप बसवली तर आयुष्यभर वॉरफेरिन घ्यावे लागते, आणि हेच औषध चुना साठू न देणाऱ्या एका प्रथिनाचे काम रोखते.

२०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे आणि महाराष्ट्रातल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे गरीब रुग्णांनाही डायलिसिस मिळू लागले. माणसे जगू लागली, हे मोठेच यश आहे. पण डायलिसिसवर जितकी वर्षे जातात, तितका झडपांवरचा धोका वाढतो. अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनने २००५ मध्येच सुचवले होते, की डायलिसिस सुरू होऊन वजन स्थिरावल्यावर इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा आणि पुढे दर तीन वर्षांनी तो पुन्हा करावा. लक्षणे दिसली तर तेवढेही थांबू नये.

पाणी काढूनही धाप उरत असेल, तर नातेवाइकांनी डॉक्टरांना थेट विचारावे: शेवटचा इको कधी झाला? आणि प्रत्येक डायलिसिस केंद्राने ती तारीख रुग्णाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.